तुझा पत्रा, माझी हवा

दादा,

तू गेलास त्यानंतरही तुझं गणित चालूच होतं. तिकडे गावी, कापड्याला, आम्ही तुला नदीकाठी पोचवून आलो, घरी येऊन आंघोळी केल्या, आणि इकडे महाडच्या आपल्या खोलीत तुझा कॉम्प्युटर घरघरत बसला होता. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला. मी सुतकाबितकाची पर्वा न करता दुसऱ्या दिवशी एसटी पकडून आले, कुलूप काढलं, आणि पडद्यावरची ती हिरवी पट्टी अजून पुढे सरकताना बघून मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! माणसाने जाताना निदान पंखा-दिवा बंद करून जावं.

बंद मी पण केला नाही. तुझ्या खुर्चीत बसले, उठले. खाली उतरून चवदार तळ्याला एक फेरी मारली, परत आले. पट्टी होती तिथेच. पुन्हा खाली गेले. चहावाल्याने विचारलं, "दादा नाय आले आज?" मी नाही म्हटलं आणि दोन चहा घेऊन वर आले. सवय, दुसरं काय.

तुझं शिक्षण, तुझी पुण्यातली गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी, ती सोडून तू परत का आलास, हे सगळं मनोहर लिहिणार आहे. वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी तो, त्याला असल्या कामाची हौस आहे. लिहू दे. त्याला हे लिहिता येणार नाही की चुलतभाऊ असून तू मला सख्ख्यासारखा छळलास, आणि कॉलेजात तेच ते गणित शिकवून शिळी होत चाललेल्या एका बाईला पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा विद्यार्थिनी केलंस.

"शैले, तू इंटिग्रेशन शिकवतेस, पण कशाचं करतेस ते तुला ठावं हाय का?" हे तुझं पहिलं वाक्य. घरच्या माणसांत आलं की तुझी पुण्याची भाषा चपलांबरोबर बाहेर राहायची. तेव्हा ही खोली तू नुकतीच घेतली होतीस. मार्च महिना होता. तळ्यावर लोक जमले होते, सगळ्या दिशांनी निळे झेंडे येत होते, आणि भाषणांचे कर्णे थेट आपल्या खिडकीकडे तोंड करून होते. तू खिडकी लावलीस आणि माझा हात धरून काचेवर ठेवलास. काच थरथरत होती. भाषण बोटांना कळत होतं.

"भायेर आवाज हाय, मधी काच हाय," तू म्हणालास. "आवाज काचेला ढकलतो, काच आतल्या हवेला ढकलते. ते तुझ्या कानाला लागतं. आपलं काम येवढंच."

एवढंच! पत्र्याचे पडद्यावर बारीक बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन किती हलेल त्याचं समीकरण मांडायचं, मग हवेचेही तसेच तुकडे करायचे, आणि त्या हलण्यातून आवाज किती निघेल ते काढायचं. गाडीचा तळ असो, जनरेटरवरचं झाकण असो, भाताच्या गिरणीची पत्र्याची भिंत असो. लोक विचारायचे, दोघं दिवसभर त्या खोलीत करता काय? तू सांगायचास, "पत्रे वाजवतो, पण न वाजवता."

त्या दिवशी काचेवरचा हात न काढता मी विचारलं होतं, "आणि आतली हवा काचेला उलट ढकलत नाही?"

"ढकलते की. पण हवा ती, ढकलून ढकलून किती ढकलणार?"

झालं. तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू गेलास तरी मिटलेलं नाही.

तुझं म्हणणं, आधी पत्र्याचं गणित सोडवावं, आलेलं उत्तर हवेच्या हातात द्यावं आणि मोकळं व्हावं. माझं म्हणणं, बंद जागेत असं चालत नाही. पत्रा हवेला हलवतो तशी हवाही पत्र्याला हलवते, दोघांचं गणित एकत्रच सुटलं पाहिजे. वेळ लागला तर लागू दे. तू म्हणायचास मी हवेचे फाजील लाड करते. मी म्हणायचे तू पुण्यात राहून जाड पत्र्याचा झालास. कितीदा तू बरोबर निघालास, कितीदा मी. गिरणीच्या भिंतीचं माप घेऊन येताना आपण वाटेत सव गावी थांबलो होतो, आठवतं? गरम पाण्याच्या कुंडाच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. तू ओल्या बोटाने दगडावर भिंत काढलीस, कडा काढल्यास, बाण काढलेस. मी तोंड उघडेपर्यंत दगडाच्या उबेने सगळी आकृती वाळून गेली. तू म्हणालास, "बघ, मुद्दा संपला." शेजारी गुडघे शेकत बसलेले एक म्हातारबाबा आपल्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असणार, हे जमिनीच्या वाटणीवरून भांडतायत.

मला तुझी आठवण येते, दादा. सरळच सांगते. मला भांडायला माणूस उरलं नाही. मी मोठ्याने काहीतरी म्हणते आणि थांबते, तू आता उसळशील म्हणून. तू उसळत नाहीस. मी बोलते ते जातं कुठेतरी, पलीकडून उलट काही येत नाही. तुझ्या मताचं मॉडेल ते हेच, नाही का? घे, झालं तुझं खरं. किती भिकार मॉडेल आहे ते आता तरी कळलं का?

पण मला लिहायचं आहे ते हॉलचं.

वाडीने आणि मंडळाने मिळून तो हॉल बांधला तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक होतं. पक्क्या भिंती, फरशी, वर पत्रा. एकादशीचं भजन तिथे बसायला लागलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मोठी आई, तुझी आई, उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. ती कानाचं मशीन लावते. पखवाजावर थाप पडली की हॉलमध्ये जी घणघण उठायची, ती लांबत लांबत पुढच्या ओळीवर चढायची. आपल्याला शब्द निम्मे कळायचे, तिला एकही नाही. तू तिला म्हणालास, "आये, आत बस ना. गार वारा लागतो हितं."

"आत नको रं बाबा," ती म्हणाली. "आत नुसता ढग वाजतो. मशीन काडून ठेवते मी."

तुझा चेहरा मी पाहिला होता. आयुष्यभर परक्यांच्या गाड्यांमधला आवाज कमी केलास आणि तुझी आई, जिला सगळी भजनं पाठ आहेत, ती कानातलं मशीन पदराच्या गाठीत बांधून पायरीवर बसलेली. तू तिथेच म्हणालास, "यंदा तुला आत बसवतो. शब्द न् शब्द ऐकशील." ती म्हणाली, "बरं." तिला तुझ्या असल्या वायद्यांची सवय होती, पण हा तिने लक्षात ठेवला. मला नंतर दोनदा विचारलं, "काय करतो गो तो हॉलचं?"

काय करणार होतास? आपण माईक घेऊन गेलो, दुपारच्या वेळी रिकाम्या हॉलमध्ये पखवाज वाजवून घेतला, मापं घेतली. आलेख काढला तर सगळी ओळ शहाण्यासारखी, आणि मध्येच एक शिखर. टोकदार. तीच ती घणघण. तू अख्ख्या हॉलचं मॉडेल केलंस. भिंती, दारं, खिडक्या, मागच्या बाजूचा प्लायवूडचा माळा, वरचा पत्रा, सगळं. गणित चालवलं. शिखर आलंच नाही. मी माझ्या पद्धतीने चालवलं. माझं शिखर आलं, पण भलतीकडेच.

मग सुरू झाली आपली ओढाताण. तू म्हणालास पत्र्याच्या कडा स्क्रूंनी किती आवळल्यात त्यावर सगळं आहे. तू मॉडेलमध्ये कडा घट्ट करून बघितल्यास, सैल करून बघितल्यास, अर्ध्या सैल करून बघितल्यास. मी म्हटलं हॉलभर कोंडलेली हवा आणि पत्रा मिळून हे करतायत. आपापल्या गणितात ते शिखर कोंबून बसवायला दोघांनीही काय काय केलं, ते कुठल्या परीक्षकाने पाहिलं असतं तर दोघांना नापास केलं असतं. मनोहर मुंबईहून फोन करायचा. "अरे, तुम्ही दोघं एक काय ते ठरवा ना यार! पत्र्याला अजून पट्ट्या मारायच्या, का भिंतींना फळ्या लावायच्या? सुतार थांबलाय." तू पट्ट्या म्हणायचास, मी फळ्या. आणि प्रत्येक एकादशीला मोठी आई पायरीवर.

शेवटचं बोलणंही त्यावरच झालं. तू फोनवर म्हणालास, पत्र्यावर नवीन जाळं टाकलंय, चौकोन अजून बारीक, कडेचे सगळे स्क्रू एकेक करून धरलेत, या खेपेला शिखर येतं की नाही बघ. मी म्हटलं, नाही येणार, कारण तू हवा सोडलीस. तू ओरडलास, "तुझी हवा तुझ्याजवळ ठेव गो!" मी म्हटलं, "आणि तुझा पत्रा घाल डोक्यावर." दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्यांचा फोन आला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. लोकांना वाटतं हे शेवटचं बोलणं मला खात असेल. मुळीच नाही. तू गोड काहीतरी बोलून गेला असतास तर मी जन्मभर विचार करत बसले असते की याला झालं होतं काय.

मला खात होतं ते दुसरंच. मोठी आई रडली, मग एका सकाळी मला म्हणाली, "त्याचं भजन कुठं बसवनार?" तेराव्याला भजन बसवतात, ते खरं तर आपल्या अंगणातच. पण अंगणात चुली मांडायच्या होत्या, मुंबईहून किती माणूस यायचं होतं. मनोहर म्हणाला, हॉलमध्ये बसवू. मी मोठ्या आईकडे बघितलं. स्वतःच्या मुलाच्या भजनालाही ती पायरीवर बसणार होती. आणि त्याला कारण आपण दोघं, आपलं एक न ठरणं.

म्हणून मी त्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून बसले होते. म्हटलं, दादाचं शिखर आलं तर दादाच्या पट्ट्या. सुताराला लगेच सांगते, तेराव्याच्या आत होतील तेवढ्या होतील. तुझं खरं ठरावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं. पट्टी टोकाला पोचली. आलेख उघडला. ओळ शहाण्यासारखी, सपाट. शिखर नाही. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. "बघ!" असं म्हणत मी तुझ्या खुर्चीकडे वळलेसुद्धा.

तेराव्याला सकाळपासून घरात नुसती धावपळ. वाडीतले बाप्ये चुलींवर, वालाची आमटी रटरटतेय, कोणी भात उपसतंय. माझं लक्ष कशातच नव्हतं. इकडचं तिकडे ठेवत होते. भजनी मंडळी हॉलकडे निघाली तशी मी मोठ्या आईला धरून नेलं. ती सवयीने पायरीवर बसली. मशीन काढायला तिने कानाकडे हात नेला, पण तेवढ्यात आत पखवाजावर पहिली थाप पडली.

मी दात आवळून बसले. थाप वाजली आणि विरली. दुसरी वाजली, विरली. त्यावर बुवांचा आवाज आला आणि शब्द आले. वेगवेगळे, सुटे, एकामागून एक.

मोठ्या आईचा हात कानापाशीच राहिला. मान वर झाली. माझ्या खांद्यावर हात टाकून ती उठली, आत गेली आणि बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली. तिचे ओठ भजनाबरोबर हलत होते. एका ओळीवर तिने डोळे पुसले आणि लगेच पुढची ओळ धरली.

आणि मी वेड्यासारखी हॉल बघत होते. पत्रा तोच, स्क्रू तेच, हवा तीच. माणसं होती, पण माणसं एकादशीलाही असतात. मग बदललं काय? नजर फिरत फिरत मागे गेली. माळा रिकामा होता.

दादा, गावाची भांडी!

ते मोठमोठे अॅल्युमिनियमचे टोप, एकात एक घातलेले, परातींची चवड, वर नुसती टेकवलेली झाकणं. वाडीने वर्गणी काढून घेतलेली, कोणाकडे कार्य निघालं की न्यायची आणि धुऊन परत माळ्यावर ठेवायची. सकाळीच पोरांनी ती सगळी आपल्या अंगणात उतरवली होती. तुझ्या तेराव्यासाठी. तुझा माळा मॉडेलमध्ये आहे, नीट आहे, प्लायची जाडीसुद्धा बरोबर आहे. त्यावर टोप नाहीत. आपण त्या माळ्याखाली उभे राहून माईक लावले, त्या टोपांकडे बघत लाडू खाल्ले, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गावाची भांडी कोण बघतो? ती असतातच. आणि वाडीत कोणाच्या ध्यानात येणार? हॉलमध्ये भजन एकादशीचं, एकादशीला कोण जेवणावळ घालतंय? सप्ताह देवळात, लग्न मांडवात. भजन आणि रिकामा माळा यांची गाठ कधी पडलीच नव्हती. ती तुझ्यामुळे पडली.

तुझा पत्रा नाही, माझी हवा नाही. पखवाज वाजला की ती प्लायची फळी थरथरायची आणि वरचे टोप तिच्या तालावर बोलायचे. मी पदराचा बोळा तोंडात घालून हसले. शेजारच्या बायकांना वाटलं रडतेय, त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताने मग मी खरंच रडले.

तरी मला चैन पडेना. तू असतास तर म्हणाला असतास, एकदा बघितलं म्हणजे सिद्ध झालं नाय. दुपारी पंगती उठल्या, भांडी घासून आली, तेव्हा मी ती पोरांना माळ्यावर होती तशी रचायला लावली आणि पखवाजवाल्याला हाताला धरून आणलं. "वाजवा." त्याने थाप मारली. घणघण! तीच, अगदी तीच. टोप उतरवायला लावले. "वाजवा." गप्प. मनोहर दारात उभा होता. "ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, पट्ट्याही नकोत, फळ्याही नकोत, भांडी दुसरीकडे ठेव.

"दुसरीकडं कुठं? हॉल कशाला बांधला मग?" तो चिडला. कोणी म्हणालं देवळात, देवळात जागा नाही. कोणी म्हणालं शाळेत, शाळा कुलपात. वाद वाढत चालला. मोठी आई भिंतीला टेकून होती तिथूनच बोलली.

"घरात माज्या पक्याची खोली रिकामी हाय."

मग पोरांनी टोप उचलले.

तेव्हा दादा, तुझ्या खाटेवर आता गावाचे टोप आहेत. खिडकीपाशी पराती, टेबलावर झाकणं. सगळं लावून झाल्यावर मी दारात उभी होते. मोठी आई चुलीपाशी जाता जाता थांबली. मशीन कानातच होतं.

"पक्याला सांग गो," ती म्हणाली. "आयला आत बसून आयकाया आलं म्हनावं. सगलं."

म्हणताना तिच्याही लक्षात आलं, निरोप घ्यायला तू नाहीस. मला वाटलं आता ती मोडेल. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. "सांग तू," एवढं म्हणून ती आत गेली.

मी खोलीकडे तोंड करून सांगितलं. मोठ्याने, जसं तुला सांगायचे तसं. आईने निरोप दिलाय, शब्द न् शब्द ऐकू आला. तुझा पत्रा चुकला होता. माझी हवाही चुकली होती, पण तुझ्याइतकी नाही, कारण माझं शिखर निदान आलं तरी होतं. टोपांमध्ये माझाच आवाज जरासा घुमला आणि बसला. मी उगीच थांबून राहिले.

"काय म्हनला?" आतून मोठ्या आईचा आवाज आला.

मग मी तोंड पुसून म्हटलं, "मान्य नाय म्हनतो."

"नायच म्हननार तो," ती म्हणाली.